बाबांना ऐकू आलेला ट्वीटर

ट्वीटर जळतो तेव्हा त्याचा गाजावाजा होत नाही. वूफर फाटला तर अख्ख्या गल्लीला कळतं. ट्वीटर अंगठ्याच्या पेराएवढा, त्याच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. करंट जास्त झाला की ते वेटोळं जळतं आणि गाणं तसंच चालू राहतं. त्यातली झांज जाते, घुंगरांची किणकिण जाते, गाणाऱ्या बाईच्या आवाजातली धार जाते. पुष्कळ लोकांना हे महिनोन्महिने कळत नाही. मी इंदूरमध्ये गाड्यांत साउंड सिस्टम बसवण्याचं काम पंचवीस वर्षं केलं आणि माझ्या हातून दोनच ट्वीटर जळले, तेही एकाच गाडीतले, एकाच दिवशी. बाबा आता नाहीत, म्हणून हे लिहितोय. असते तर लिहिलं नसतं, कारण त्यांना वाचता चांगलं येत होतं.

बाबा परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलमध्ये लूम खात्यात जॉबर होते. आम्ही मिलला गिरणी म्हणत नाही, आमच्याकडे गिरणी पिठाची असते. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. लूम खात्यात शेकडो माग एकदम धडधडत असत, तिथे कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे, जोडीला हाताची एखादी खूण, की पन्नास हातांवरच्या माणसाला बरोबर कळायचं, ह्याला चहा हवाय, की धागा तुटलाय, की साहेब येतोय. ही सवय त्यांची बाहेरही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत बाबा आणि त्यांचे मिलमधले दोस्त मांडवाच्या दोन टोकांना बसत आणि तोंडातून एक शब्द न काढता वरपक्षाची यथेच्छ निंदा करत. आई हे पाहून कपाळावर हात मारायची.

घरी मात्र सगळं उलटं होतं. बाबा ओरडून बोलत, म्हणून आईही ओरडून बोले, आणि मग मीही. आमच्या घरात कुणी कधी कुजबुजलेलं मला आठवत नाही. शेजारच्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे रोज भांडणं होतात.

बाबांना त्यांच्या कानांचा फार अभिमान. "दोनशे मागांतून आजारी माग मी कानाने हुडकतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मागाच्या लोखंडी चौकटीवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, ह्याचा अमुक पट्टा ढिला आहे. ते खोटं सांगत नव्हते. ते काम तळवा करत होता आणि श्रेय कान घेत होता, एवढंच. हे मला फार उशिरा कळलं.

मिल एकदम बंद झाली नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार पुढे-पुढे जाऊ लागला, मग वीज कापली गेली, आणि एक दिवस गेटला आतून साखळी लागली. देश खुला झाला असं त्याच सुमारास पेपरात रोज छापून यायचं. देश खुला आणि मिलचं गेट बंद. बाबा पाच वर्षं सकाळी पाळीच्या वेळेला डबा घेऊन त्या गेटवर जात राहिले. तिथे त्यांच्यासारखे तीस-चाळीस जण बसलेले असत. कुणी म्हणे कोर्टाचा निकाल येतोय, कुणी म्हणे दिल्लीहून माणूस येतोय. दुपारी सगळे डबे उघडून जेवत आणि घरी येत. आई साड्यांना फॉल लावून घर चालवत होती, आणि तरी तिने रोज सकाळी तो डबा भरून दिला. मला त्या डब्याचा राग यायचा. बाबांचा यायचा की मिलचा, हे तेव्हा नीट कळत नव्हतं. डबा समोर दिसायचा, म्हणून राग त्याच्यावर.

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून भंवरकुआंच्या रस्त्यावर गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात लागलो होतो. दुकानाचा मालक भला माणूस होता, धंद्यापुरता भला. आम्ही सगळे त्याला सेठजी म्हणायचो. तेव्हा शहरात नव्या छोट्या गाड्या येत होत्या, आणि ज्यांच्या जमिनी बाहेरच्या रस्त्याला लागून होत्या ते रातोरात गाडीवाले झाले होते. गाडी आली की आधी पूजा, मग आमचं दुकान. बाहेरून अॅम्प्लिफायर येऊ लागले, सीडी आली, आणि मग आली अॅक्टिव्ह सिस्टम.

ही अॅक्टिव्ह भानगड थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाण्याचे सूर वाटून द्यावे लागतात. ढोलाची धमक वूफरला, माणसाचा आवाज दारातल्या स्पीकरला, आणि सगळ्यात बारीक, उंच सूर ट्वीटरला. जुन्या पद्धतीत ही वाटणी अॅम्प्लिफायरच्या नंतर एका डबीत होई आणि ती डबी ट्वीटरची राखणही करी. अॅक्टिव्हमध्ये वाटणी आधीच होते, क्रॉसओव्हर नावाच्या यंत्रात, आणि पुढे प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अॅम्प्लिफायर. आवाज सुरेख येतो. पण ट्वीटर आणि अॅम्प्लिफायर यांच्यात एका तारेशिवाय काही उरत नाही. क्रॉसओव्हरवर तुम्ही आकडा लावायचा: सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या वरचंच ह्याला द्या, खालचं देऊ नका. तो आकडा चुकला आणि खालचे जड सूर ट्वीटरकडे गेले, तर तो बिचारा नाही म्हणू शकत नाही. ओझं उचलत राहतो आणि जळतो.

म्हणून मी दोन नेम पाळायचो. क्रॉसओव्हर लावून, तपासून झाल्यावरच ट्वीटरची तार जोडायची. आणि तारेत एक छोटा कपॅसिटर घालायचा, चुकून खालचे सूर आलेच तर अडवायला. सेठजी त्याला चौकीदार म्हणायचा.

बाबा दुकानात आले ते आईच्या हट्टामुळे. "ह्यांना घेऊन जा रे तुझ्यासोबत, गेटवर बसून-बसून वेडे होतील," ती म्हणाली. मी नाखुशीने नेलं. त्या दिवशी एका गाडीचं दार खडखडत होतं आणि मी दोन दिवस त्याच्यामागे लागून थकलो होतो. बाबा दाराशी गेले, तळवा ठेवला, डोळे मिटले.

"इथे," ते म्हणाले. "आतला एक पेच ढिला आहे."

दार उघडलं तर खरंच तिथला पेच ढिला. सेठजी बघत होता. "मिस्त्रीजी, कल से आप भी आ जाओ," तो म्हणाला. बाबांनी ते त्याच्या ओठांवर वाचलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी आईने दोन डबे भरले.

ते दीड वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं. बाबा सायकलवर परदेशीपुऱ्याहून भंवरकुआंला येत, स्वच्छ शर्ट घालून. प्रत्येक गाडी तयार झाली की ड्रायव्हरच्या सीटवर बसत, मी मागे डिक्कीशी, अॅम्प्लिफायरवर वाकलेला. गाणं लावायचं, आणि बाबांनी एकेका दारावर, डॅशबोर्डवर, छतावर हात ठेवून सांगायचं, कुठे थरथरतंय. गिऱ्हाइकं नवलाने बघत. "वो हाथ रखने वाले मिस्त्रीजी हैं क्या?" असं विचारत लोक यायला लागले. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, पण सीटवर बसले की आधी ते आतला आरसा फिरवून स्वतःकडे करत. मला हसू यायचं. म्हातारपणी तोंड बघायची हौस आली, असं मी आईला सांगितलंही. बापाची टिंगल करताना मला काही वाटत नसे, इतके आम्ही तेव्हा सुखात होतो.

मग एक दिवस मी चाचणीची सीडी आणली. तिच्यात एकच सूर असतो, खालून वर-वर चढत जाणारा. मी डिक्कीशी होतो, बाबा पुढे. सूर ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा, असं मी त्यांना सांगितलं होतं. सूर चढत गेला. तीन हजाराच्या जरा आधी बाबांनी हात खाली घेतला. सूर चालूच होता, इतका तीक्ष्ण की समोरचा चहावाला म्हणाला, "भिया, बंद करो यार, दाँत झनझना रिये हैं." बाबा शांत बसले होते. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बंद केलास का?"

"हो," मी म्हणालो. "केला."

सूर बंद व्हायला अजून अर्धा मिनिट बाकी होता. त्या अर्ध्या मिनिटात मला माझं सगळं घर समजलं. ते ओरडणं, कुकरची शिट्टी वाजत असताना स्वयंपाकघरातून शांतपणे बाहेर येणारे बाबा, मी तोंड फिरवून काही बोललो की "काय?" म्हणून येऊन समोर उभे राहणं. मिलने त्यांच्या कानांतला वरचा सगळा भाग खाल्ला होता. ट्वीटर ज्या सुरांसाठी असतो, त्यांतला एकही त्यांना ऐकू येत नव्हता, आणि आम्ही वर्षभर त्यांना साउंडचे उस्ताद म्हणून मिरवत होतो.

मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. त्यांच्याजवळ त्या कानांच्या अभिमानाशिवाय होतं काय? ट्वीटरचं सगळं मी स्वतः करत होतोच, बाबा थरथर शोधत होते, काम चोख होत होतं. गाडी तयार झाली की मी मुद्दाम विचारायचो, "बाबा, बरोबर आहे ना वरचा आवाज?" आणि ते म्हणायचे, "एकदम बढिया." मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतोय. तेही मला सांभाळत असतील, हे डोक्यात आलं नाही.

आता ती गाडी.

जमिनीच्या धंद्यातला एक माणूस होता. गाडी नवी, मोबाइल नवा, चेन नवी. कुठल्याशा मासिकात त्याने अॅक्टिव्ह सिस्टमबद्दल वाचलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा सकाळपासून माझ्या डोक्यावर उभा. बाहेरून मागवलेले उंची ट्वीटर होते, इंदुरात दुसरी जोडी नव्हती. मी क्रॉसओव्हर लावत होतो. त्याच्या नॉबवर पाचशेपर्यंतच आकडे असतात. शेजारी एक बारीक स्विच असतो, तो एकावरून दहावर सरकवला की नॉबवरचा आकडा दहापट होतो. साडेतीन हजार हवे तर नॉब साडेतीनशेवर आणि स्विच दहावर. स्विच इतका लहान की बॉलपेनच्या टोकाने सरकवावा लागे. मी नॉब फिरवला, खिशातून पेन काढलं, आणि तेवढ्यात त्याला कपॅसिटर दिसला.

"ये क्या लगा रिये हो भिया?"

मी सांगितलं, ट्वीटरच्या राखणीसाठी.

"किताब में लिखा है, बीच में कुछ नहीं होना चइये. अपन को प्योर चइये. तुमको सेटिंग नहीं आती क्या, जो डर रिये हो?"

मला राग लवकर येतो. आजही येतो. माझ्या सेटिंगवर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नसे. मी पेन खिशात टाकलं, दोन्ही कपॅसिटर कापून काढले, त्याच्या हातावर ठेवले आणि तारा थेट जोडल्या. तपासल्याशिवाय ट्वीटर जोडायचा नाही, हा नेमही त्याच झटक्यात गेला.

बाबा सीटवर बसले, आरसा फिरवला. मी गाणं लावलं. बाबांनी दारावर हात ठेवला, मग डॅशबोर्डवर. मग त्यांचा हात डॅशबोर्डच्या कोपऱ्यापाशी, ट्वीटरजवळ थांबला. ते पुढे वाकले आणि त्या कोपऱ्याला कान लावला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"अरे, हा छोटा आज बोलतोय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "बाई इथून गातेय. साफ ऐकू येतंय मला."

मी आरशात त्यांच्याकडे बघितलं आणि मला लाज वाटली. त्यांची. मला वाटलं, म्हातारा आता थापा मारायला लागला, गिऱ्हाइकासमोर शेखी मिरवतोय. "हो, चांगला आहे," मी तुटकपणे म्हणालो. मी ऐकलं ते हळू आवाजात. आवाज जरा मोकळा, पुढे आल्यासारखा वाटला, पण मी म्हटलं हेच ते प्योर. गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन गेलं. बाबा दिवसभर आनंदात होते. घरी पोचले तेव्हाही सायकलवर गुणगुणत होते, हे मला आईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाडी परत आली. दोन्ही ट्वीटर मुके. त्याने रस्त्याला लागून आवाज पूर्ण वाढवला होता, थोड्या वेळाने जळका वास आला, बस. तो ओरडला नाही. काचेच्या टेबलाशी बसून सेठजीला शांतपणे म्हणाला की अशी कामं करणारी माणसं तुम्ही ठेवता, हे मी सगळ्यांना सांगेन. सेठजीची निम्मी गिऱ्हाइकं ह्याच्या ओळखीतली होती.

सेठजीने बाबांना गाडीत बसायला सांगितलं, गाणं लावून बघायला, आणि तो माझ्याकडे मागे आला. डिक्की उघडी होती. बाबांची पाठ आमच्याकडे होती.

"सच-सच बता," तो हळू आवाजात म्हणाला. "लेवल किसने बढ़ाया? तूने, या मिस्त्रीजी ने? आज एक को तो जाना पड़ेगा."

घरात पगार आणणारे दोघे. त्यातला माझा पगार मोठा. हे गणित मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं. पण त्या क्षणी मी गणित केलं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं होतं की चूक माझी असूच शकत नाही. मी गाडीच्या पुढच्या काचेकडे बघत, सेठजीच्या कानाशी, कुजबुजलो. कुजबुज सगळी वरच्या सुरांत असते, तिच्यात खालचा सूर नसतोच. बाबांना त्यातलं काहीही ऐकू जाणार नाही, हे मला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं.

"इनको ऊपर का सुनाई नहीं देता," मी म्हणालो. "मिल में कान चले गए इनके. कल कान लगाकर सुन रहे थे, इन्होंने ही बढ़ा दिया होगा."

बाबांनी काहीच वाढवलं नव्हतं. लेव्हलचे, म्हणजे आवाजाचा जोर कमी-जास्त करायचे, नॉब माझ्याजवळ, डिक्कीत होते. हे सेठजीलाही माहीत असायला हवं होतं, पण त्याला कुणी तरी एक हवा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बोलून झालं आणि माझी नजर वर गेली. आरशात बाबांचे डोळे होते. माझ्या डोळ्यांकडे नाही, ते जरा खाली बघत होते, माझ्या ओठांकडे. शेकडो मागांच्या पलीकडून माणसाला काय हवंय ते ओळखणारी नजर. दीड वर्ष ते आरसा कशासाठी फिरवत होते, हे मला तेव्हा कळलं. डिक्कीशी उभा राहून मी काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नसे, म्हणून.

त्यांनी आरसा हळूच पूर्वीसारखा केला. गाडीतून उतरले. आतल्या फळीवरून डबा घेतला. सेठजीपाशी येऊन, रोजच्यासारखं मोठ्याने म्हणाले, "सेठजी, गलती मेरी थी. कान का मामला है. लड़के की गलती नहीं है."

सेठजीने हात जोडले. त्याला वाईट वाटत होतं, हे मी कबूल करतो. मी डिक्कीत वाकून तारा बघत असल्यासारखं केलं. बाबांनी सायकलला डबा अडकवला आणि निघून गेले. जेवायची वेळही झाली नव्हती.

नवे ट्वीटर यायला आठवडा लागला. ते बसवायला मी क्रॉसओव्हरचं झाकण उघडलं आणि तो स्विच बघितला. तो एकावर होता.

साडेतीनशे. साडेतीन हजार नव्हे. मी ट्वीटरला माणसाचा जवळजवळ सगळा आवाज दिला होता, अंगठ्याएवढ्या जिवावर अख्खी बाई गायला बसवली होती. तो जळणारच होता. आणि म्हणूनच बाबांना तो ऐकू आला होता. त्यांनी थाप मारली नव्हती. त्यांचे कान जिथपर्यंत पोचत होते तिथपर्यंत ट्वीटर पहिल्यांदाच खाली आला होता, आणि त्या दुकानात तो बिघाड ज्याला कळला असा एकच माणूस होता. मला मात्र बाबा बढाई मारतायत असं वाटलं. मी तेव्हा "असं कसं ऐकू आलं?" एवढं जरी विचारलं असतं, तरी सगळं वाचलं असतं, ट्वीटरसुद्धा.

मी बॉलपेनच्या टोकाने स्विच दहावर सरकवला. तारेत कपॅसिटर घातले. झाकण लावलं. सेठजीने विचारलं, "सब ठीक?" मी म्हणालो, "ठीक." पुढे मी दुसऱ्यांच्या दुकानांत गेलो, स्वतःचं उघडलं, आणि माझ्या हातून पुन्हा एकही ट्वीटर जळला नाही. लोक म्हणायचे, फार सावध माणूस आहे.

बाबा पुन्हा मिलच्या गेटवर गेले नाहीत. जाऊनही उपयोग नव्हता, तोवर आतले माग तोडून भंगाराच्या ट्रकांतून न्यायला सुरुवात झाली होती आणि ते ट्रक आमच्याच रस्त्याने जात. ट्रक गेला की घराचा उंबरा थरथरायचा. बाबा उंबऱ्यावर बसलेले असले तर हात उचलून मांडीवर घेत. मोठ्याने बोलणं त्यांनी बंद केलं. बोलणंच बंद केलं म्हणा ना. आईने मला विचारलं, दुकानात काय झालं? मी म्हणालो, काम कमी झालं होतं. बाबांनी तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिने मला पुन्हा विचारलं नाही.

खाई त्याला खवखवे. महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. मला त्यांना सांगायचं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं, तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं, एवढी दोन वाक्यं. रोज ठरवायचो आणि त्यांच्यासमोर गेलो की दुसरंच काही तरी बोलून निघून जायचो. ते बोलत नव्हते, पण समोर कुणी आलं की त्यांची नजर सवयीने ओठांकडे जायची आणि थांबून राहायची.

एका रविवारी दुपारी आई साड्या पोचवायला गेली होती. बाबा तिच्या शिलाई मशीनला तेल द्यायला बसले होते. मशीन खिडकीशी, भिंतीकडे तोंड करून, आणि तिच्या वर खिळ्याला बाबांचा दाढीचा आरसा. ते आत तेलाची बाटली आणायला गेले तेवढ्यात मी तो आरसा खिळ्यावरून काढला आणि फळीवर पालथा ठेवला. बाबा आले, बसले, तेल सोडायला लागले. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. स्विच, साडेतीनशे, कपॅसिटर, मला आलेला राग, लेव्हलचे नॉब, सेठजीला बोललेलं खोटं, सगळं. "तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं, बाबा," असंही म्हणालो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी हे सगळं कुजबुजून सांगितलं.

त्यांनी एका-एका भोकात तेल सोडलं, चाक दोन-चारदा फिरवून बघितलं, मशीनवर तळवा ठेवून क्षणभर थांबले आणि फडक्याने हात पुसले. वळले नाहीत. मी बाहेर गेलो. संध्याकाळी आरसा परत खिळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या आरशासमोर दाढीचा साबण फेसत होते. मी मागून जात होतो, त्यांनी आरशात मला बघितलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले.

"काल दुपारी खिळा रिकामा होता," ते म्हणाले. "आरसा कशाला काढला होतास?"

ते वळून बसले होते. ब्रश हातात तसाच. वाट बघत होते.

"पुसायला," मी म्हणालो. तोंड त्यांच्याकडे करून, ओठ नीट हलवून, त्यांना कळेल असं.